नीरा कोणत्या विषयात येते?

दहावीचा निकाल लागला की गिरगाव-दादरच्या घराघरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "गणित ठेवणार की जीवशास्त्र?" इंजिनिअर व्हायचे तर गणित, डॉक्टर व्हायचे तर जीवशास्त्र, असा सरळ हिशेब! पण ज्याला दोन्ही आवडतात त्याने काय करावे? त्याला बहुधा "एक काय ते ठरव" असे सांगून गप्प बसवले जाते. हा सल्ला घाईचा आहे. कसा ते पाहू.

तुम्ही कधीतरी नीरा चाखली असेलच. पहाटे ताडावरून उतरवलेला हा गोड रस ऊन चढू लागले की फसफसतो आणि त्याची ताडी होते. आता सांगा पाहू, नीरेचा अभ्यास कोणत्या विषयात येतो? फुलोऱ्याला छेद दिल्यावर रस का पाझरतो, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा. त्यात साखर किती, क जीवनसत्त्व किती, लोह किती, हे रसायनशास्त्र सांगणार. यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव त्यातली साखर खाऊन मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात. ते रोखण्यासाठी मडक्याला आतून चुना लावतात किंवा रस थंड ठेवतात. म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्रही आलेच. आणि नीरा प्यायल्याने अशक्त मुलांची प्रकृती सुधारते का, हे पाहायचे तर वैद्यकाचे दार ठोठवावे लागते. नीरा एकच, विषय मात्र चार!

नीरेच्या पोषणमूल्यांचा अभ्यास मुंबईतच झाला. तो केला डॉ. कमला सोहोनी यांनी. माहेरच्या त्या भागवत. 1933 साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. त्यांनी मिळवली ती रसायनशास्त्र मुख्य आणि भौतिकशास्त्र जोडीला घेऊन. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकायचे म्हटले, तर संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही. अखेर अटी घालून त्यांना घेतले गेले, आणि दूध व डाळींतील प्रथिनांवर त्यांनी तेथे काम केले. नंतर केंब्रिजला बटाट्यावर प्रयोग करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी हा पदार्थ असतो, असे त्यांना आढळले. पेशीच्या श्वसनात त्याचे काम फार मोलाचे. 1939 साली पीएच.डी. मिळाली. प्रबंध किती पानांचा, ठाऊक आहे? अवघ्या चाळीस!

1947 साली त्या मुंबईस आल्या आणि फोर्टमधील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नव्याने उघडलेल्या जीवरसायनशास्त्र विभागात शिकवू लागल्या. तेथेच डाळी, तांदळाचे पीठ आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांचे काम झाले. नीरेच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिकही मिळाले. जीवशास्त्राचे प्रश्न आणि रसायनशास्त्राची हत्यारे, अशी ही जोडी.

मुंबईला हे नवे नाही. 1897 साली येथे प्लेगची लस तयार करणारे वाल्देमार हाफकिन डॉक्टर नव्हते. ते प्राणिशास्त्र शिकलेले होते. त्यांची प्रयोगशाळा 1899 साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. आजची हाफकिन संस्था ती हीच. परळलाच टाटा स्मारक रुग्णालय आहे. कर्करोगाच्या गाठीवर क्ष-किरण सोडायचे असतात तेव्हा किती मात्रा द्यायची ते डॉक्टर ठरवतात. पण शेजारच्या निरोगी भागाला कमीत कमी इजा होऊन ती नेमकी गाठीवर कशी पडेल, याचे गणित मांडतो वैद्यकीय भौतिकी शिकलेला माणूस. मात्रा थोडी थोडी करून बरेच दिवस का देतात? निरोगी पेशी दोन मात्रांच्या मधल्या वेळात स्वतःची दुरुस्ती करून घेतात, कर्कपेशींना ती तितकीशी जमत नाही. हे उत्तर मात्र जीवशास्त्राचे. भौतिकीच्या त्या माणसाला ते ठाऊक नसून कसे चालेल?

असे शिक्षण पदवीपासूनच घेता येते. मुंबई विद्यापीठाच्या कलिना येथील आवारात विद्यापीठ आणि अणुऊर्जा खाते यांनी मिळून 2007 साली मूलभूत विज्ञानांचे एक केंद्र काढले. तेथे बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे. पहिल्या वर्षी सर्वांना गणित, भौतिकी, रसायन आणि जीवशास्त्र हे चारही विषय शिकावे लागतात. मुख्य विषय नंतर. प्रवेशासाठी नेस्ट ही परीक्षा द्यावी लागते.

मेहनत दुप्पट पडते, हे आधीच सांगून ठेवतो. अकरावीत गणित सोडलेल्या मुलाला पहिल्या वर्षी कलनशास्त्र नाकी नऊ आणते. जीवशास्त्र सोडलेला पेशींच्या नावांनीच बेजार होतो. तेव्हा जमत असेल तर अकरावी-बारावीला दोन्ही ठेवा, तशी मुभा असते. आणखी एक. नोकरीच्या जाहिरातींत अजूनही "रसायनशास्त्राचा पदवीधर हवा" असे एकाच विषयाचे नाव छापलेले असते. म्हणून कोठेही प्रवेश घेण्यापूर्वी पदवीपत्रावर कोणता विषय लिहून मिळेल, हे त्या संस्थेच्या कार्यालयात न लाजता विचारून घ्या.