पारावरच्या गप्पा आणि जगाचा बाजार

बीड जिल्ह्यांतील एखाद्या गांवीं संध्याकाळीं पाराजवळून गेल्यास दोन प्रकारचें बोलणें एकाच वेळीं कानीं पडतें. एकीकडे कोणाच्या अडेल बैलाची, कोणाच्या नव्या जांवयाची थट्टा चाललेली असते. दुसरीकडे युक्रेनचें युद्ध, अमेरिकेचे अध्यक्ष आणि ब्राझीलचा पाऊस यांची चर्चा. शहरांतील सुशिक्षितांस हा मेळ हास्यास्पद वाटतो. परंतु या गप्पांना जें व्यावहारिक मूल्य आहे, तें समजावून सांगावें, हा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

खेड्यांतील माणसाला परदेशाची उठाठेव कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, त्याचें पीकच परदेशाशीं बांधलेलें आहे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापसाचे भाव भडकले. युद्ध संपतांच ते कोसळले व मुंबईंतील अनेक धनिकांचीं दिवाळीं निघालीं. आज कापूस व सोयाबीन हीं बीड जिल्ह्याचीं प्रमुख पिकें आहेत. सोयाबीनच्या भावावर ब्राझील, अर्जेंटिना व अमेरिका येथील पिकाची छाया असते. २०२२ सालीं रशियानें युक्रेनवर स्वारी केली, तेव्हां सूर्यफुलाचें तेल महागलें. पोटॅशच्या खतासाठीं तर आपण परदेशांवरच अवलंबून आहों.

आतां थट्टेकडे वळूं. पारावर वडीलधाऱ्यांस ‘तुमचें चुकतें’ असें तोंडावर म्हणण्याची रीत नाहीं. पण ‘तात्या, हें तुम्हांला पुतिननें स्वतः कळविलें काय?’ असें हसत विचारतां येतें. सारे हसतात, तात्याहि हसतात. आणि बातमी आली कोठून, हा प्रश्न मात्र विचारला गेलेला असतो. थट्टा ही बातमीची चाळणी आहे. ज्या बैठकींत कोणी कोणाची थट्टा करीत नाहीं, तेथें मोठ्या आवाजाचेंच खरें ठरतें.

ही चाळणी फाटली, म्हणजे काय होतें? २०२१-२२ च्या हंगामांत कापसाचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांवर गेला. पुढील हंगामांत तोच भाव पुन्हां येणार, असें जो तो सांगूं लागला. अनेक शेतकऱ्यांनीं कापूस घरांतच रचून ठेवला. जगांत कापडाची मागणी मंदावली होती. भाव चढण्याऐवजीं उतरत गेला. साठलेल्या कापसाचें वजन घटलें, मुलांबाळांच्या अंगाला खाज सुटल्याच्या तक्रारी झाल्या आणि शेवटीं तोच माल कमी भावानें मोंढ्यावर न्यावा लागला. शंभर माणसें एकच आशा बाळगतात, एवढ्यानें ती आशा पुरावा ठरत नाहीं.

पाराची आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. कापूस वेंचतात त्या बहुधा स्त्रिया; पण तो कधीं विकावा याची चर्चा होते तेथें त्या बसत नाहींत. दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीस निघणारीं कुटुंबें कित्येक महिने कारखान्यांच्या परिसरांत कोपींत राहतात. मुकादमाच्या हिशेबीं नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. साखरेच्या जागतिक भावावर ब्राझीलच्या उसाचा मोठा परिणाम होतो. परंतु पाराच्या चर्चेंत या कोयत्याचा शब्द नसतो. ज्यांच्या अंगावर नुकसान पडतें, त्यांसच वगळून झालेली चर्चा अपुरी होय.

शहरांतील घरांनींहि या चर्चेस हसूं नये. तेलाचा डबा त्यांच्याहि स्वयंपाकघरांत आहे. जगाची बातमी कानीं आली, म्हणजे तीन गोष्टी विचाराव्या: ती कोठून आली, ती मानल्यानें लाभ कोणाचा, आणि ती खोटी ठरल्यास नुकसान कोणाचें? हे प्रश्न हसत विचारले तरी चालतील. पण कापूस घरांत रचण्यापूर्वीं विचारले पाहिजेत.