‘पोटात ढवळणे’ : मळमळीचे स्थान आणि औषधाची क्रिया

‘पोटात ढवळते’ हा मराठी वाक्प्रयोग मळमळीचे स्थान जठरात मानतो. ओकारी थांबविणाऱ्या गोळ्यांची क्रिया मात्र बव्हंशी मज्जासंस्थेवर घडते. कर्करोगावरील औषधांमुळे आतड्यातील पेशींतून सेरोटोनिन स्रवते आणि व्हेगस मज्जातंतूद्वारे ओकारीचा संदेश मेंदूकडे जातो. ऑन्डान्सेट्रॉन हा संदेश अडविते. जठराची हालचाल वाढविणारे औषध डोम्पेरिडोन होय. ओलान्झापिन प्रत्यक्ष मेंदूत कार्य करते, म्हणून गुंगीही आणते. कॉटन ग्रीननजीक परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालयातील संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, इतर औषधांच्या जोडीने दिलेली ओलान्झापिनची २.५ मिलिग्रॅमची मात्रा १० मिलिग्रॅमच्या तुलनेत उणी ठरली नाही. गुंगी मात्र कमी आढळली. सारांश, वाक्प्रयोग संवेदनेचे स्थान सांगतो. मात्रा ठरविताना मेंदूचाच विचार करावा लागतो.