कुणाच्या शेतात झालं?

दिल्लीत शेती होते म्हटलं की माझ्या माहेरची, निफाडकडची माणसं हसतात. त्यांच्या लेखी दिल्ली म्हणजे संसद, चांदणी चौक आणि कांदा महागला की होणारी ओरड. पण द्वारकेतून नजफगढच्या दिशेला निघालं की कोचिंग क्लासचे फलक आणि लग्नाचे हॉल हळूहळू मागे पडतात आणि हिवाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना चक्क मोहरी लागते. गहू, गाजर, पालक, उन्हाळ्यात दुधी-दोडका. याच पट्ट्यात उजवा नावाचं गाव आहे आणि तिथे दिल्लीचं कृषी विज्ञान केंद्र. महाराष्ट्रात आपण ‘केव्हीके’ म्हणतो तेच.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती गच्चीवरच्या कुंड्यांमुळे. यांची केंद्र सरकारातली नोकरी संपली, आम्ही द्वारकेतच राहिलो, आणि कांदे-वांगी लावायची हौस मी गच्चीवर भागवू लागले. केंद्रात गेल्यावर कळलं की ते चालवणारी संस्था म्हणजे राष्ट्रीय बागवानी संशोधन आणि विकास प्रतिष्ठान. हीच संस्था आमच्या निफाड तालुक्यात, चितेगाव फाट्यावर, कांद्याचं संशोधन करते. आमच्या घरात ज्या ‘अ‍ॅग्रीफाउंड डार्क रेड’चं उळं टाकत आलो, ती जात याच संस्थेची. बाराशे-तेराशे किलोमीटर लांब येऊन शेवटी चितेगाव फाट्याच्याच ओट्यावर बसले म्हणायची.

केव्हीकेबद्दल शहरी माणसाला फारसं ठाऊक नसतं, म्हणून थोडं सांगते. डॉ. मोहनसिंह मेहता यांच्या समितीच्या शिफारशीनंतर पहिलं केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीला निघालं. महाराष्ट्रात दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीने केंद्र सुरू केलं. तीच टेकडी, जिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आदिवासी मुलांना शिकवत होत्या. आज देशात अशी सातशेहून अधिक केंद्रं आहेत, जवळजवळ जिल्ह्याला एक. कुठलं केंद्र विद्यापीठाचं, कुठलं एखाद्या संस्थेचं. पैसा मुख्यतः भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा. तिथे पदवी मिळत नाही. नवं वाण किंवा नवी पद्धत आधी शेतकऱ्याच्या शेतावर तपासून बघायची, पटली तर प्रात्यक्षिक प्लॉट घालून इतरांना दाखवायची, प्रशिक्षण द्यायचं, माती-पाणी तपासून द्यायचं, बियाणं-रोपं पुरवायची, असं कामाचं स्वरूप. उजव्याखेरीज आमच्या बाजूला गुरुग्राम जिल्ह्यात मानेसरजवळ शिकोहपूरला दुसरं केंद्र आहे, ते पुसा संस्थेचं, म्हणजे दिल्लीतल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं.

आता कांद्याचंच उदाहरण घ्या. उत्तरेत कांदा म्हणजे रब्बीचा, उन्हाळ्यात निघणारा. पावसाळ्यात उळं टाकलं की रोप कुजतं, हा सगळ्यांचा अनुभव. त्यावर तोड अशी, की जानेवारी-फेब्रुवारीत वाफ्यात बी दाट टाकायचं. दाटीमुळे कांदा फुगत नाही, एप्रिल-मेपर्यंत आवळ्याहूनही बारका राहतो. आमच्याकडे बाजारात ज्याला गोल्टी म्हणतात, त्याच्याही निम्मा. तो काढून वाळवायचा, पातीसकट जुड्या बांधून हवेशीर टांगायचा आणि ऑगस्टमध्ये रोपाऐवजी तोच गोटा लावायचा. रोप जगवण्याची कटकट गेली. नोव्हेंबर-डिसेंबरात, बाजारात जुना कांदा संपत आलेला असताना, ताजा लाल कांदा हाती येतो.

हे सगळं प्रशिक्षणाच्या खोलीत पडद्यावर दाखवलं जातं, तक्त्यांसकट. बायका ऐकून घेतात, चहा घेतात. मग मागच्या रांगेतून कुणीतरी ओढणी सावरत विचारतं, ‘किसके खेत में हुआ?’ केंद्राच्या फार्मवर, असं उत्तर आलं तर त्या मान हलवतात आणि विषय तिथेच मिटतो. सरकारच्या फार्मला सरकारचं पाणी, सरकारचे मजूर. तिथे काय पिकणार नाही? पण शेजारच्या गावातल्या अमक्याच्या दोन एकरांत, तेही खाऱ्या पाण्यावर झालं असं कळलं, की खुर्च्या पुढे सरकतात. नजफगढच्या बऱ्याच भागात भूजल खारं आहे. बोअरचं पाणी दिलं की वाफ्यावर पांढरी साय धरते. अशा पाण्यावर कुणाचं निभलं, यालाच तिथे किंमत.

‘कुणाच्या शेतात?’ हा प्रश्न नवा नाही आणि दिल्लीला तर मुळीच नाही. साठच्या दशकाच्या मध्यात डॉ. एम. एस. स्वामिनाथन पुसा संस्थेत होते. मेक्सिकोचा बुटका गहू शेतकऱ्याला दाखवायचा होता. त्यांनी आग्रह धरला की प्रात्यक्षिकं लहान शेतकऱ्यांच्याच रानात घ्यायची. मोठ्या जमीनदाराकडे उत्पन्न वाढलं तर लोक म्हणतील, पैशाने पिकलं. बियाण्याचं श्रेय बियाण्याला कुणी देणार नाही. १९६४-६५ पासून ही राष्ट्रीय प्रात्यक्षिकं सुरू झाली. दिल्लीच्याच वायव्य टोकाला जौंती नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी या गव्हाचं बियाणं तयार करायला घेतलं आणि गाव ‘बियाण्याचं गाव’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. १९६६ मध्ये मेक्सिकोहून अठरा हजार टन बियाणं जहाजाने आलं, ते सगळ्यांना माहीत असतं. जौंती फारसं कुणाला माहीत नसतं. हरितक्रांतीने पुढे पाण्याचं आणि जमिनीचं काय केलं, हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण गहू कुणाच्या रानात दाखवायचा, एवढ्यापुरता त्या माणसाने माणूस बरोबर ओळखला होता.

याच्या उलट गोष्ट गुरुग्रामची. तेव्हाचं गुडगाव. १९२०च्या दशकात तिथे एफ. एल. ब्रेन नावाचे इंग्रज डेप्युटी कमिशनर होते. माणूस तळमळीचा आणि झपाटलेला. शेण उकिरड्यावर न टाकता खड्ड्यात कुजवा, घराला खिडक्या पाडा, मुलींना शाळेत घाला, चांगल्या जातीचे वळू ठेवा, विहिरीला रहाट बसवा. गावोगाव शिकवायला मार्गदर्शक नेमले, त्यांना तयार करायला शाळा काढली, बायकांसाठी वेगळे वर्ग काढले. वर या सगळ्यावर पुस्तकंही लिहिली. ‘गुडगाव प्रयोग’ म्हणून त्याची चर्चा दूरवर झाली. यातली एकही सूचना वाईट नव्हती. कित्येक आजही केव्हीकेच्या पत्रकात छापता येतील. पण साहेबांची बदली झाली आणि मोहीम ओसरली. खड्डा साहेबासाठी खणलेला होता. साहेब घोड्यावरून येणार नाही म्हटल्यावर शेण पुन्हा उकिरड्यावर.

अमेरिकेत केव्हीकेसारखीच कामं काउंटीचं कार्यालय करतं. १९१४च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने तिथल्या कृषी विद्यापीठांना गावागावांत पोचवायची व्यवस्था लावली. शेती, स्वयंपाकघर, मुलांचे क्लब, सगळं त्या एका कार्यालयात. सत्तरच्या दशकात वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटल-टकोमाच्या आसपास, शहरी लोकांचे बागेबद्दलचे प्रश्न इतके वाढले की दोन-चार कर्मचाऱ्यांच्या आवाक्याबाहेर गेले. तेव्हा १९७२ मध्ये एक युक्ती निघाली. हौशी माणसांना विद्यापीठाने नीट शिकवायचं, आणि त्याची फेड म्हणून त्यांनी ठरावीक तास लोकांच्या शंका निरसायच्या. फी म्हणून मुख्यतः वेळ. त्यांना ‘मास्टर गार्डनर’ म्हणतात. माझी भाची न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहते, तिने रटगर्स विद्यापीठाचा हा अभ्यासक्रम केलाय. आठवड्यातला एक वार ती फोनपाशी बसते आणि लोकांच्या टोमॅटोवरचे डाग ऐकून घेते. पोरगी लहानपणी कुंडीला पाणी घालायची नाही, ती आता मला करपा आणि भुरीतला फरक समजावते.

आपल्याकडे काय अडलंय, असा विचार माझ्या मनात येतो तो तिच्यामुळे. उजव्याला शास्त्रज्ञ आहेत, जमीन आहे, प्रशिक्षणं आहेत. स्वयंसेवक म्हणून कुणाला नाव नाही. आणि दिल्लीत तर निवृत्त माणसांचं पीक! आमच्या एका विंगमध्ये तीन मजल्यांत दोन माजी उपसचिव आहेत, शिवाय एक रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. सकाळी बागेत हास्यक्लब झाला की दिवस मोकळा. माझ्यासारख्या दोघीचौघी आपखुशीने जातो, सोसायटीतल्या बायकांना घेऊन जातो, शाळेच्या परसबागेत मुलांना वाफे करायला शिकवतो. केंद्रातले सर-मॅडम सांभाळून घेतात. पण हे सगळं ओळखीपाळखीवर चालतं. आम्ही नाही गेलो तर कुणाच्या वहीत गैरहजेरी लागत नाही.

निदान माती उचलायला तरी माणसं हवीत. मातीचा नमुना हे दिसायला अगदी सोपं काम, आणि तिथेच सगळं बिघडतं. १९ फेब्रुवारी २०१५ ला सुरतगढहून मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली, तेव्हापासून कार्डं पुष्कळ वाटली गेली. पण कार्डावरचा आकडा नमुन्याइतकाच खरा. म्हणून मी पहिल्यांदा कुणाबरोबर शेतात गेले की खुरपं बघते. गंजलेलं नको, लोहाचा आकडा फसतो. बांधाजवळची, झाडाखालची, खताचा ढीग होता तिथली माती घ्यायची नाही. शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागा धरायच्या. वरचा काडीकचरा बाजूला सारायचा, वीतभर खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करायचा, माती फेकून द्यायची. इथे सगळे चमकतात. मग खड्ड्याच्या कडेची, वरपासून खालपर्यंत, बोटभर जाडीची चकती काढायची. ती खरी माती. सगळ्या जागांची माती कापडावर एकत्र कालवायची, गोल पसरायची, बोटाने चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. उरलेली पुन्हा कालवायची, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. एका ताऊजींनी हे सगळं विडी ओढत पाहिलं आणि म्हणाले, एवढ्या वेळात मी अर्धं शेत निंदलं असतं. पण पुढच्या हंगामात त्यांनी स्वतःच सुनेला हे करून दाखवलं, तेही माझ्यापेक्षा कडक मास्तरकीने.

शहर आणि शेत यांची गाठ पडते ती आणखी एका बाबतीत. दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिल्लीच्या हवेत धूर भरतो. भाताचं पाचट जाळण्यावरून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर शेतकऱ्यांच्या नावाने शिमगा चालतो. पुसा संस्थेने यावर बुरशीच्या कॅप्सूल काढल्या, ‘पुसा डीकंपोजर’. कृती ऐकली की कुणाही बाईला आपलीशी वाटेल. पाच लिटर पाण्यात दीडशे ग्रॅम गूळ उकळायचा, मळी काढायची, कोमट झालं की पन्नास ग्रॅम बेसन घालायचं, चार कॅप्सूल फोडून टाकायच्या आणि पातळ कापड बांधून चार-पाच दिवस उबेत ठेवायचं. वर बुरशीची जाड साय धरते. मग पाणी-गूळ वाढवत पंचवीस लिटरपर्यंत न्यायचं. २०२० मध्ये दिल्ली सरकारने नजफगढजवळच्या खरखरी नाहर गावात हे मोठ्या प्रमाणावर तयार करून शेतांवर फुकट फवारलं.

यश मिळालं का? माझं मत विचाराल तर अर्धंमुर्धं. बुरशीला पाचट कुजवायला तीनेक आठवडे लागतात. भात निघाल्यावर गहू पेरायला शेतकऱ्याच्या हातात साधारण तेवढेच दिवस असतात. पंजाब-हरियाणात तर घाई आणखी. शिवाय फवारणारा टँकर सरकारचा असला की शेतकरी बांधावर उभा राहून बघतो. हीच कॅप्सूल बायकांच्या हाती दिली तेव्हा मात्र वेगळं घडलं. आमच्या सोसायटीतल्या बायकांनी माळ्याकडून पालापाचोळा जाळणं बंद करवलं, मागच्या कोपऱ्यात खड्डा केला, गूळ-बेसनाचं पाणी घरीच केलं. बेसन घट्ट कालवायचं की सरसरीत, यावरून पंजाबी, बंगाली आणि मराठी अशी तीन मतं पडली, ती अजून मिटलेली नाहीत.

बायकांच्या हाती दिलं की काम होतं, हे सरकारला हळूहळू उमगतंय असं वाटतं. बचत गटातल्या बायकांना शिकवून ‘कृषी सखी’ म्हणून गावातच उभं करण्याची योजना निघाली आहे. जून २०२४ मध्ये वाराणसीला पंतप्रधानांनी तीस हजारांहून जास्त जणींना प्रमाणपत्रं दिली. गावची बाई गावात राहणार, तिची बदली होणार नाही, हे यातलं मर्म. तिला मोबदला वेळेवर मिळतो का, यावर पुढचं सगळं अवलंबून.

तुमच्या जिल्ह्यातल्या केव्हीकेत जायचं असेल तर नांगरणीच्या आधी जा, पेरणीच्या धांदलीत शास्त्रज्ञ शेतांवर असतात. माती सावलीत वाळवलेली असावी, कापडी पिशवीत असावी. युरियाच्या रिकाम्या पिशवीत नेलीत तर नत्र भरपूर आहे असं समजून घरी याल. पिशवीत नाव, गट नंबर आणि मागचं पीक लिहिलेली चिठ्ठी टाका. बोअरचं पाणी तपासायचं तर पंप दहा-पंधरा मिनिटं चालू द्या आणि मग स्वच्छ बाटलीत धरा, बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून. आणि तिथल्या सरांना विचारून ठेवा, तुमच्या गावाजवळ प्रात्यक्षिक प्लॉट कुणाकडे आहे. पत्ता घ्या आणि परतताना त्या शेतावरून या. शेतकरी बहुधा घरी असतो, आणि शास्त्रज्ञाने जे सांगितलं नाही ते तो सांगतो. खर्च किती आला, हेही.