लांब ओढ, कडक बाण

पारंपरिक धनुष्यावर लिहिलेला ताण बहुधा २८ इंच ओढीचा असतो. एखाद्या उंच पोराने तेच ३० इंच ओढलं, तर दर इंचाला साधारण दोन-तीन पौंड ताण वाढतो. शिवाय बाणही लांब लागतो, आणि लांब दांडा जास्त वाकतो. म्हणून दांडा कडकच घ्यावा.

दांड्याची पारख बिनपिसाच्या बाणाने करावी. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा असा बाण पिसांच्या बाणांच्या उजवीकडे रुतला, तर दांडा मऊ. डावीकडे रुतला, तर कडक. ‘इंडियन राउंड’ या स्पर्धाप्रकारात बांबू-लाकडाच्या धनुष्याने ५० मीटरवर नेम धरताना हा फरक फार महागात पडतो.

दांडा मऊ निघाला तर टोक हलकं करावं किंवा दांडा थोडाथोडा कापावा. मात्र पूर्ण ओढीला टोक धनुष्याच्या पुढेच राहिलं पाहिजे. आत आलं, तर बाण हातात घुसू शकतो.