आगीचं इंधन बॅटरीच्या पोटातच

ई-स्कूटर पेटल्याची बातमी आली की दोष उन्हाला किंवा चार्जरला दिला जातो. पण ठिणगी कुठूनही पडो, भडकतं ते आतलं द्रावण. लिथियम-आयन सेलमध्ये आयन वाहून नेणारं इलेक्ट्रोलाइट म्हणजे सेंद्रिय कार्बोनेट द्रावकांत विरघळवलेला लिथियमचा क्षार. त्यातल्या डायमिथाइल कार्बोनेटची वाफ सुमारे 17 अंश सेल्सियसलाच पेट घेऊ शकते. पुण्यातली हिवाळी दुपारही याहून उष्ण असते. सेल तापला की शंभर अंशांच्या आसपास ग्राफाइटच्या ध्रुवावरचा संरक्षक थर विरू लागतो, 130 अंशांच्या सुमारास दोन ध्रुवांमधला पॉलिथिलिनचा पडदा वितळतो, ध्रुव एकमेकांना भिडतात आणि पुढे उष्णताच उष्णता वाढवत नेते. म्हणून नुसतं कवच जाड करून भागणार नाही, द्रावणच बदलायला हवं.

यावरचा आक्षेप जुना आहे आणि खराही. ट्रायमिथाइल फॉस्फेटसारखी द्रव्यं आग रोखतात, पण ग्राफाइटवर टिकाऊ थर बनू देत नाहीत. बॅटरी लवकर निकामी होते. मात्र टोकियो विद्यापीठातल्या अत्सुओ यामादा यांच्या गटाने 2018 मध्ये ‘नेचर एनर्जी’त दाखवलं, की त्याच फॉस्फेटमध्ये क्षार खूप दाट विरघळवला तर थर क्षारातूनच बनतो आणि ग्राफाइटचा ध्रुव हजारांहून अधिक चार्ज-डिस्चार्ज सोसतो. असं द्रावण घट्ट आणि महाग असतं, हे मान्य. ध्रुवांमधल्या प्रक्रिया त्यानंतरही उष्णता देऊ शकतात, हेही मान्य. पण निदान भडक्याला इंधन मिळत नाही. लोह-फॉस्फेट बॅटऱ्या अधिक सुरक्षित आहेत खऱ्या, तरी द्रावण त्यांतही सहसा ज्वालाग्राहीच असतं. गाडी घेताना किती किलोमीटर धावते एवढंच नको, बॅटरीत कोणतं रसायन आहे तेही विचारा.