परसातील अवजारशाळा : आखणी व बांधणी

मृगाचा पाऊस पडून जमिनीला वाफसा आला की पेरणीसाठी शेतकऱ्याच्या हाती मोजकेच दिवस असतात. नेमक्या याच दिवसांत गावच्या सुताराच्या दारात नादुरुस्त अवजारांची रांग लागलेली दिसते. कोणाच्या तिफणीचा फण निखळलेला असतो, कोणाच्या वखराच्या दांडीला वाळवी लागलेली असते, तर कोणाच्या पेरणी यंत्राची साखळी गंजून जागच्या जागी बसलेली असते. आमच्या पाहण्यातील एका शेतकऱ्याचे बियाणे, खत व बैल सर्व सिद्ध होते. परंतु वर्षभर बांधावरच्या बाभळीखाली पडून राहिलेली त्याची तिफण पहिल्याच तासाला मोडली. दुरुस्तीत तीन दिवस गेले, चौथ्या दिवशी झड लागली आणि पेरणी पंधरा दिवस लांबली. त्या वर्षीची उत्पन्नातील तूट त्याने पावसाच्या नावावर मांडली. वस्तुतः ती अवजाराला निवारा नसल्याच्या खात्यावर मांडावयास हवी होती.

पूर्वी सुतार व लोहार हे गावचे बलुतेदार असत आणि हंगामापूर्वी अवजारे नीट करून देणे हा त्यांच्या बलुत्याचाच भाग असे. पुढे लोखंडी अवजारे आली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर तयार केला व १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. तेव्हापासून वाकसाबरोबर पान्यालाही शेतकऱ्याच्या घरी स्थान मिळाले. आज पुष्कळ गावांत सुतारकाम व लोहारकाम करणारी घरे थोडी उरली आहेत आणि अवजारांची संख्या मात्र वाढली आहे. यास्तव अवजारे ठेवण्याची व किरकोळ दुरुस्ती करण्याची स्वतंत्र जागा घराच्या परसात असणे ही चैन नसून गरज होय. ती अल्प खर्चात व टिकाऊ कशी बांधावी, याचा विचार येथे केला आहे.

जागेची निवड

जागा घरापासून हाकेच्या अंतरावर, परंतु घराला लागून नसावी. पावसाचे पाणी जेथे साचते ती सखल जागा टाळावी. कडब्याची गंज व गवताची सुडी यांपासून निदान ५० फूट अंतर राखावे. कारण वेल्डिंगची किंवा सहाणेची एक ठिणगी वर्षाची वैरण जाळण्यास पुरेशी असते. बैलगाडी अथवा ट्रॅक्टर सरळ आत येऊन सरळ बाहेर निघेल असा मोकळा रस्ता समोर असावा.

आपल्याकडे पावसाळी वारा मुख्यतः पश्चिम व नैऋत्य दिशांकडून वाहतो. म्हणून पाठीची बंद भिंत पश्चिमेस व उघडी बाजू पूर्वेस ठेवणे इष्ट. उत्तरेच्या भिंतीला एक रुंद खिडकी ठेवावी. त्या बाजूचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो व डोळ्यांवर ऊन येत नाही.

शेतजमिनीवर बांधकाम करावयाचे असल्यास १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातील शेतीविषयक इमारतीच्या व्याख्येत अवजारे ठेवण्याची इमारत येते. तथापि काम आरंभण्यापूर्वी ग्रामपंचायत व महसूल कार्यालय यांच्याकडे चौकशी करून घ्यावी. बांधून झाल्यावर पाडण्याची पाळी येऊ नये.

मापाचा हिशेब

पुष्कळ ठिकाणी आधी छपरी उभी राहते आणि मग अवजारे त्यात मावत नाहीत असे आढळते. क्रम उलटा असावा. निवडलेल्या जागेवर एके दिवशी सर्व अवजारे आणून ठेवावीत : नांगर, वखर, कोळपे, तिफण, फवारणी पंप, पाण्याच्या नळ्या, जे काही असेल ते. प्रत्येकाभोवती माणूस फिरू शकेल एवढी जागा सोडावी आणि मग फक्कीने रेषा आखावी. तीच छपरीची खरी लांबी-रुंदी. कागदावरच्या आराखड्यापेक्षा ही रीत अधिक भरवशाची आहे.

बैलांवर शेती करणाऱ्या मध्यम शेतकऱ्यास सामान्यतः तीन खणांची, म्हणजे २४ फूट लांब व १२ फूट रुंद छपरी पुरते. प्रत्येक खण ८ फुटांचा धरावा. दक्षिणेकडील पहिला खण अवजारांसाठी उघडा, मधला खण बियाणे-पेंडीसारखा माल व सुटे भाग ठेवण्यासाठी दार-कुलपाचा आणि उत्तरेकडील तिसरा खण खिडकीजवळ कामासाठी, अशी वाटणी सोयीची होते. समोरच्या खांबांची उंची ९ फूट व मागच्यांची ७ फूट ठेवल्यास १२ फुटांत २ फूट उतार मिळतो. पन्हळी पत्र्यांना तो पुरेसा आहे. ट्रॅक्टर किंवा बैलगाडी आत ठेवावयाची असेल तर त्यांचे माप स्वतंत्र घेऊन एक खण रुंद व उंच करावा.

पाया

भारी काळ्या जमिनीत पायाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. ही जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातल्यास खांब कलतात व भिंतींना तडे जातात. शक्य असेल तेथे खड्डा मुरमापर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असल्यास खड्डा मोठा करून त्यात बाहेरचा मुरूम थराथराने घालून, पाणी मारून, चोपून घ्यावा. काढलेली काळी माती पुन्हा त्याच खड्ड्यात लोटू नये. जमिनीची पातळी भोवतालच्या जागेपेक्षा दीड फूट उंच घ्यावी व तळाशी मुरूम चोपून वर फरशी अथवा काँक्रीट करावे.

छप्पर जड की हलके?

या विषयात सर्वांत अधिक नुकसान येथेच होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या जुन्या वाड्यांत लाकडी खांब दगडी तळखड्यावर नुसता टेकविलेला असे, आणि तरी तो पिढ्यान्‌पिढ्या हलत नसे. याचे कारण वरचे धाबे किंवा कौलारू छप्पर जड असे व त्याचे ओझे खांबाला खाली दाबून धरीत असे. तळखड्यामुळे लाकूड ओलीपासून व वाळवीपासून दूर राही, हाही लाभ होता. परंतु आता त्याच रीतीच्या खांबांवर आपण पत्रे घालतो. पत्रा चौरस मीटरला जेमतेम ५ किलो भरतो. त्याला खाली दाबण्याची नव्हे, तर वर उडू न देण्याची व्यवस्था करावी लागते.

वारा छपरावरून वेगाने जातो तेव्हा पत्र्याला वर ओढतो. उघड्या तोंडाच्या छपरीत तोच वारा आत कोंडून पत्र्याला आतूनही वर ढकलतो. ताशी १०८ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ५५ किलो होतो. वर सांगितलेल्या छपरीचे छप्पर, चहूबाजूंच्या वळचणी धरून, सुमारे ३७ चौरस मीटर भरते. म्हणजे त्याला उचलणारा जोर दोन टनांच्या घरात जातो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले तेव्हा असंख्य घरांचे पत्रे व कौले उडाली. देशावर चक्रीवादळ क्वचितच पोहोचते. पण वळवाच्या पावसाआधीची वावटळ दरवर्षी येते, व ती कोणत्याही दिशेने येते.

पत्र्यावर दगड ठेवण्याची चाल सर्वत्र दिसते. चार-सहा दगडांनी दोन टनांचा जोर आवरत नाही. उलट पत्रा उचलला की तेच दगड खाली उभ्या असलेल्या माणसांवर व जनावरांवर येतात. ही चाल सोडून द्यावी.

उपाय असा. दोन्ही ओळींत मिळून आठ खांब येतात. प्रत्येक खांबाखाली दीड फूट लांब, दीड फूट रुंद व तीन फूट खोल असा काँक्रीटचा ठोकळा भरावा. सिमेंट, वाळू व खडी यांचे प्रमाण १:२:४ घ्यावे. असा एक ठोकळा सुमारे साडेचारशे किलोचा होतो व आठ मिळून वजन साडेतीन टनांहून अधिक भरते. लोखंडी खांब असल्यास तो ठोकळ्यात खोल रोवावा. लाकडी खांब असल्यास ठोकळ्याचा माथा जमिनीपासून सहा इंच वर घ्यावा, त्यात लोखंडी पट्ट्या आधीच रोवून ठेवाव्यात व खांब त्या पट्ट्यांना आरपार बोल्टांनी जखडावा. तळखड्याचा लाभ राहतो आणि छपराला जमिनीशी बांधल्यासारखे होते. समुद्रकाठच्या गावांत व उघड्या टेकाडांवर यापेक्षा भक्कम योजना लागते. तेथे जाणत्या अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते. म्हणून खांबाला तुळई, तुळईला आडवे दांडे आणि दांड्यांना पत्रा, हे तिन्ही जोड खिळ्यांनी न करता बोल्टांनी करावेत. आडवे दांडे सुमारे पावणेचार फुटांवर एक असे पाच घालावेत. आठ फुटी पत्र्यांच्या दोन ओळी पुरतात. वरचा पत्रा खालच्यावर सहा इंच चढवावा व बाजूंनी निदान दीड पन्हळ एकमेकीत घ्यावी. भोक नेहमी पन्हळीच्या माथ्यावर पाडावे, खोलगट भागात कधीही नाही. अन्यथा त्याच ठिकाणी पाणी गळते. बोल्टाखाली डांबरी व लोखंडी अशा दोन्ही चकत्या घालाव्यात. कडेच्या ओळींत वाऱ्याची ओढ सर्वांत अधिक असते, म्हणून तेथे बोल्ट दाट मारावेत. खांब व तुळई यांच्या कोपऱ्यांत तिरपे आधार द्यावेत.

ॲस्बेस्टॉसचे पत्रे नव्याने वापरू नयेत. ते कापताना, भोक पाडताना किंवा फुटताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक आहे. जुने पत्रे असतील तर ते फोडू नयेत, की त्यांना भोके पाडू नयेत.

कामाची जागा

उत्तरेच्या खिडकीखाली जाड फळ्यांचे मेज पक्के बसवावे. त्याची उंची अडीच ते पावणेतीन फूट असावी. वस्तू घट्ट धरणारा लोखंडी व्हाइस अशा उंचीवर बसवावा की त्याच्या जबड्याचा माथा उभ्या माणसाच्या कोपराशी येईल. म्हणजे कानस चालविताना कंबर वाकत नाही. ऐरण मेजावर न ठेवता जमिनीत पुरलेल्या बाभळीच्या ओंडक्यावर बसवावी.

भिंतीवर एक फळी लावून तिच्यावर करवत, वाकस, पटाशी, रंधा, हातोडी, पकड व पाने टांगावेत आणि प्रत्येकामागे त्याची आकृती रंगवावी. संध्याकाळी फळीकडे नजर टाकताच कोणते हत्यार शेतात राहिले ते कळते. सुटे फण, नळ्या, नट-बोल्ट व फवारणी पंपाचे वॉशर लहान डब्यांतून वेगवेगळे ठेवावेत. तुळयांवर माळा करून त्यावर बाभळीचे लाकूड सावलीत वाळत घालावे. ओल्या लाकडाची दांडी वाळल्यावर आकसते व सांधे ढिले पडतात. एक वर्ष वाळलेले लाकूड घरात असले म्हणजे ऐनवेळी ओले लाकूड वापरण्याचा प्रसंग येत नाही.

विष, तेल व वीज

कीटकनाशके मधल्या खणातील बियाणे व पेंडीसोबत ठेवू नयेत. त्यांच्यासाठी मुलांचा हात पोहोचणार नाही असे स्वतंत्र, कुलूपबंद व हवेशीर कपाट असावे आणि औषध मूळ डब्यातच राहू द्यावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, ही गोष्ट विसरता येत नाही. गळका पंप पाठीवर घेणे म्हणजे विष अंगावर घेणे होय. प्रत्येक हंगामापूर्वी पंप साध्या पाण्याने भरून या छपरीतच तपासावा. डिझेल व पेट्रोल ठिणगीच्या कामापासून दूर ठेवावे.

विजेची जोडणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावी. अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच यांवाचून हत्यारे चालवू नयेत. मोटारीच्या पेटीतून उघडी तार ओढून वेल्डिंग करण्याने जीव जातात.

कामाचे वेळापत्रक

खर्च एकदम झेपत नसेल तर पहिल्या वर्षी पाया, खांब व छप्पर करावे आणि भिंती दुसऱ्या वर्षी घालाव्यात. तोवर पश्चिमेस तट्ट्या बांधता येतील. मात्र काटकसर पायात किंवा बोल्टांत करू नये. रब्बीची काढणी आटोपताच काम आरंभावे. काँक्रीटवर उन्हाळ्यात दहा दिवस पाणी मारावे. रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, छपरी उभी राहून सर्व अवजारे तपासून व तेल देऊन जागेवर लागलेली असावीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक गावी निदान एक अशी छपरी उभी राहील असे पाहावे व इतर शेतकऱ्यांना ती दाखवावी. डोळ्यांनी पाहिलेले लवकर पटते. खंडेनवमीला आपण अवजारांना गंध-फूल वाहतो. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्यांना ऊन-पावसापासून दूर ठेवणे ही त्याच पूजेची पूर्तता होय, आणि तिचा प्रसाद वाफशाच्या पहिल्या दिवशी मिळतो.