साथीच्या दिवसांत हृदयाची शस्त्रक्रिया : आधीं कोणाची?



१९१८ सालीं इन्फ्लुएंझाची साथ मुंबई इलाख्यांत पसरली, तेव्हां आजचा हा प्रश्न कोणापुढेंच नव्हता. हृदय थांबवून त्याच्यावर शस्त्र चालविण्याची विद्याच त्या वेळीं अस्तित्वांत नव्हती. हृदय व फुप्फुसें यांचें काम तात्पुरतें करणाऱ्या यंत्राच्या साह्यानें पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली, ती १९५३ सालीं फिलाडेल्फिया येथें. पुढें ही विद्या आपल्याकडेहि रुजली. १९६८ सालीं परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्र. के. सेन यांनीं हृदयारोपणाचा प्रयोग केला. परंतु विद्येमागून अडचणहि आली. २०२० सालीं कोरोनाची साथ उसळली आणि प्रश्न उभा राहिला : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशा गांवांहून मोठ्या रुग्णालयांत नांव नोंदवून बसलेल्या रुग्णांपैकीं आज कोणाला घ्यावयाचें, आणि कोणाला ‘थांबा’ म्हणावयाचें?

ही अडचण कां पडते, तें आधीं पाहूं. छातीची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास अतिदक्षता विभागांतील खाट, व्हेंटिलेटर आणि कसलेल्या परिचारिका लागतात. साथीच्या अत्यवस्थ रोग्यासहि नेमकें हेंच लागतें. शिवाय रक्तदानाचीं शिबिरें बंद पडलीं कीं रक्ताचा सांठाहि आटतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्यांना शस्त्रक्रियेच्या सुमारास या विषाणूची बाधा झाली, अशा २४ देशांतील १,१२८ रुग्णांचा अभ्यास २०२० सालीं प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया सर्व प्रकारच्या होत्या. त्या रुग्णांपैकीं सुमारें निम्म्यांना फुप्फुसांचे विकार जडले, आणि जवळजवळ चौथा हिस्सा महिन्याच्या आंत दगावला. म्हणजे घाई करणें धोक्याचें, आणि थांबणेंहि धोक्याचें!

मग क्रम लावावा कसा? ‘आधीं आला तो आधीं’ हा न्याय रेशनच्या दुकानीं शोभतो. येथें तो चालत नाहीं. प्रत्येक रुग्णाविषयीं दोनच प्रश्न विचारावयाचे. थांबल्यास धोका किती? आणि आज शस्त्रक्रिया केल्यास धोका किती? जो धोका मोठा, तो टाळावयाचा.

कल्पना करा कीं, एका सकाळीं वहींत चार नांवें आहेत. बदलापूरच्या एका गृहस्थांच्या महाधमनीचा आंतला पदर फाटला आहे. येथें तासागणिक मृत्यु जवळ येतो. विषाणूच्या तपासणीचा निकाल येईपर्यंतहि थांबावयाचें नाहीं, रुग्ण बाधित आहे असें समजून सर्व संरक्षण घेऊन कामास लागावयाचें. अंबरनाथच्या एका कामगाराच्या हृदयास रक्त पुरविणारी डावी मुख्य धमनी अरुंद झाली असून त्यास बसल्या जागींहि छातींत कळ येते. त्यास घरीं न पाठवितां थोड्या दिवसांतच शस्त्रक्रिया करावयाची. उल्हासनगरच्या एका बाईंच्या फुप्फुसांत कर्करोगाची गांठ आहे. तेथें कांहीं आठवडे चालतील, महिने नाहीं. चौथें एक लहान मूल. त्याच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास छिद्र आहे, पण तें हसतेंखेळतें आहे व त्याची वाढहि चांगली आहे. तें कांहीं महिने सुखानें थांबूं शकतें. आणि ज्यास नुकतीच बाधा होऊन गेली, त्यानें रोग तेवढा अवकाश देत असेल तर सात आठवडे थांबावें, असें २०२१ सालच्या अभ्यासावरून त्या वेळीं ठरलें होतें.

कधीं मधला मार्गहि असतो. सांधेज्वरानें अरुंद झालेली झडप कित्येकदां जांघेंतील शिरेवाटे फुगा नेऊन रुंद करतां येते. छाती उघडावी लागत नाहीं आणि व्हेंटिलेटर दुसऱ्याच्या उपयोगीं पडतो.

मात्र यादी एकदां लिहून मिटून ठेवली, तर ती निरुपयोगी होय. रुग्ण थांबतो, त्याचा रोग थांबत नाहीं. म्हणून शल्यवैद्य, हृदयरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ यांनीं एकत्र बसून ती वरचेवर तपासावी, रुग्णांची फोनवरून विचारपूस करावी, आणि क्रम बदलल्यास कारण लिहून ठेवावें. त्यायोगें वशिल्यासहि जागा उरत नाहीं.

आपल्या या तिन्ही गांवांस आणखी एक गोष्ट लागू आहे. बदलापूर मुंबईच्या मुख्य स्थानकापासून लोहमार्गानें सुमारें ६८ किलोमीटर. मार्च २०२० मध्यें लोकलगाड्या उतारूंसाठीं बंद झाल्या, आणि १५ जूनला सुरू झाल्या त्या केवळ अत्यावश्यक सेवेंतील लोकांसाठीं. मे महिन्यांत शासनानें महात्मा फुले योजना राज्यांतील सर्व रहिवाशांस खुली केली, खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांवर नियंत्रण आणलें. हें चांगलें झालें. परंतु खाट असणें निराळें आणि खाटेपर्यंत पोंचणें निराळें. यास्तव दूरच्या रुग्णाचा क्रम लावतांना प्रवासाचा वेळहि धोक्यांत धरला पाहिजे. त्याची प्राथमिक तपासणी गांवाजवळ व्हावी, वाहनाची सोय आधींच ठरावी.

शेवटीं, थांबलेल्या रुग्णांस एक विनंती. ‘थांबा’ याचा अर्थ ‘आम्ही तुम्हांस विसरलों’ असा नव्हे, आणि ‘तुम्ही बरे आहां’ असाहि नव्हे. औषधें चुकवूं नयेत. स्वस्थ बसले असतां छातींत कळ आली, घेरी आली, रात्रीं धापेनें उठून बसावें लागलें किंवा थुंकींतून रक्त पडलें, तर आपला क्रमांक केव्हां लागेल याची वाट पाहूं नये. तुमचा क्रमांक त्याच क्षणीं लागला आहे असें समजून जवळचें रुग्णालय गांठावें.